गाजरपारखी

आमचे वडील चिडले की शिव्या देत नसत, पदव्या देत. थोरल्या भावाला 'दीडशहाणा' मिळाली, बहिणीला 'भवानी', आणि माझ्या वाट्याला 'गाजरपारखी' आली. निमित्त वांग्यांचं झालं. बाजारातून मी किलोभर वांगी आणली होती, अशी तुकतुकीत की नुसता हात फिरवत बसावं. आईने चिरायला घेतली तर दर वांग्यात एक भाडेकरू. वडिलांनी पेपरातून मान वर केली, वांग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदवीदान उरकलं. पुढे छत्री, घड्याळ, विम्याची पॉलिसी, जिवाभावाचे म्हणून धरलेले दोन मित्र, जे जे मी निवडलं त्या प्रत्येकाने त्या पदवीची लाज राखली.

ज्याला हिऱ्यामाणकांची पारख नाही, असलीच तर गाजराची आहे, तो गाजरपारखी. म्हणजे गाजर पारखायला अक्कल लागत नाही, हे आपल्या भाषेने धरूनच चाललेलं. एकूणच मराठीने गाजराची किंमत कधी ठेवली नाही. पुंगी करायची तर गाजराची, कारण वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाता येते. तुळादानाचं पुण्य हवं पण सोनं सुटत नाही, अशा माणसाची टिंगल करायची तर त्याला गाजरांची तुळा करायला लावायची आणि वर स्वर्गाच्या विमानाची वाट बघत बसवायचं. अलीकडे 'गाजर दाखवणं' आलं. ते मूळचं परदेशी, गाढवाच्या नाकापुढे काठीला टांगलेलं. पण आपल्याकडच्या निवडणुकांची हवा त्याला अशी मानवली की आता ते बारमाही पीक झालं आहे. मुळा, बीट, रताळं यांच्यामागे भाषा अशी हात धुऊन लागलेली नाही.

साठी उलटल्यावर मी गाजरं लावली, तेव्हा कळलं की वडिलांनी दिलेली पदवीसुद्धा माझ्या लायकीपेक्षा वरची होती.

मी निफाडकडचा. शिक्षकाच्या नोकरीने हरसूलला आलो तो दोन वर्षं काढू आणि बदली मागू असं ठरवून. अर्ज लिहायचा राहिला, आणि आम्ही राहिलो. नाशिकहून गिरणारे, मग वाघेरा घाट, आणि घाट उतरला की आमचं गाव. तालुका त्र्यंबकेश्वर, पण पाऊस पडतो तो कोकणाच्या हिशेबाने. चार महिने छपरावर कुणीतरी पोती रिकामी करत असल्यासारखा आवाज. खाचरात भात, उतारावर नागली आणि वरई, आणि पावसाळा सरता सरता खुरासणीची पिवळी फुलं. एवढं पाणी येतं, पण ते राहायला येत नाही. दमणगंगेच्या वाटेने समुद्राकडे निघून जातं, आणि उन्हाळ्याआधीच विहिरीचा तळ दिसायला लागतो.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, की पाण्यामागोमाग माणसंही निघतात. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तिथून टेम्पो भरून माणसं द्राक्षबागांत जातात. मी तिकडून इकडे आलो आणि इथली माणसं दर हिवाळ्यात तिकडे जातात. या अदलाबदलीत कोण फायद्यात राहिलं, हे मी कुणाला विचारत नाही. सांगायचं ते एवढंच, की गाजराचा हंगाम नेमका तेव्हाचा. थंडी पडते, पाणी आटतं, हात बाहेरगावी जातात. त्यामुळे इकडच्या शेतात गाजर दिसत नाही. ते लावायचं तर परसात विहीर हवी, वेळ हवा आणि दर महिन्याच्या एक तारखेला बँकेत काहीतरी जमा व्हायला हवं. थोडक्यात, गाजर हे पेन्शनरांचं पीक आहे.

गेल्या वर्षी गणपतीत पुण्याहून भाचा आला. त्याने मोदकांच्या बदल्यात पाच पुड्या दिल्या. काळं गाजर, लाल गाजर, पिवळं, पांढरं आणि एक वरून जांभळं पण आतून केशरी. प्रत्येक पुडीवर सुंदर चित्र आणि खाली अक्षरं : 'वारसा वाण'. वारसा म्हटलं की मला तलाठी आठवतो. वारस नोंद, फेरफार, सातबारा, सगळ्या भावांच्या सह्या, आणि त्यातला एक भाऊ नेमका सुरतेला. म्हटलं, या गाजरांच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं? भाचा म्हणाला, "मामा, वारसा वाण म्हणजे बी घरचं घरी धरता येतं असं जुनं वाण. दर वर्षी दुकानात जायला नको." मी पुड्या देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवल्या. त्याच्या त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं असतं तर पुढचा बराच निबंध वाचला असता.

दसरा झाल्यावर परसातले दोन वाफे खणले. आमच्या शेजारी एक मावशी राहतात. वयाने मला वडील, कुंपणापलीकडून सगळ्या गावाचा कारभार बघणाऱ्या. मला गुरुजी म्हणतात आणि 'तू' म्हणतात, आणि दोन्हींत त्यांना काही विसंगत वाटत नाही. त्यांनी मला खणताना पाहिलं.

"गुरुजी, काय लावतोस?"

"गाजर, मावशी. पाच रंगांची."

"बी कुणाचं?"

"भाच्याचं."

"तसं नाही रे. बी धरतं का?"

मी म्हटलं पुडीवर तसं लिहिलंय. मावशींना वाचता येत नाही, त्यामुळे लिहिलेल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास जरा बेताचाच. त्या "हं" म्हणाल्या आणि शेळी बांधायला गेल्या.

गाजराचं बी पहिल्यांदा हातावर घेतलं तेव्हा वाटलं, पुडीत ओवाच भरून दिलाय. शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. गाजर, ओवा, जिरं, बडीशेप, कोथिंबीर आणि हिंग ही सगळी एकाच कुळातली. फोडणीच्या डब्यातल्या निम्म्या वाट्या म्हणजे गाजराची भावकी. एका ग्रॅममध्ये ७००-८०० दाणे येतात, दाण्याला बारीक केस असतात आणि एकाला दुसरा चिकटून बसतो. चिमटीतून एक सोडायला जावं तर वीस पडतात. चुलीतली चाळलेली राख मिसळून पेरलं तेव्हा कुठे हात बसला. मग वाट पाहणं. मेथी चौथ्या दिवशी हजर होते, मुळा त्याच्याही आधी. गाजर दहा-पंधरा दिवस काही बोलत नाही. तेवढ्यात वाफ्यात गवत येतं, त्याला तुम्ही गाजर समजून पाणी घालता, कौतुक करता, बायकोला बोलावून दाखवता.

उगवलं ते दाट उगवलं. विरळणी करायला हवी होती, दोन-तीन बोटांच्या अंतरावर एक रोप ठेवून बाकीची उपटायची. हे सगळ्या पुस्तकांत आहे, आणि मला पटतंही. पण ज्या माणसाने उभा जन्म पटसंख्या टिकवण्यात घालवला, जूनमध्ये पाड्या-पाड्यावर फिरून पोरं गोळा केली, त्याला पटावरचं नाव स्वतःच्या हाताने कमी करणं जमेल का? मी रोपांपुढे उकिडवा बसायचो, एकाला धरायचो, आणि ते मला मागच्या बाकावरच्या एखाद्या पोरासारखं दिसायचं. असेना का, बसेल कोपऱ्यात. शेवटी एका वाफ्यात मी विरळणी केली आणि दुसऱ्यात सगळ्यांना वरच्या वर्गात ढकललं.

जमिनीचाही प्रश्न होता. परसातली माती वीतभर बरी, खाली मुरूम. गाजराची मुळी खाली निघते, खडा लागला की बिचारीला दोन वाटा फुटतात, आणि मग ज्याला आपण गाजर म्हणतो ते धोतर नेसून बाहेर येतं. शेणखत ताजं पडलं तरी तेच. मी खत भरपूर घातलं होतं, प्रेमाने आणि ताजं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, काढणीचा मुहूर्त धरला. भोगीची भाजी गाजराशिवाय होत नाही. घेवडा, पावटा, हरभऱ्याचे घाटे, वांगं, बोरं आणि गाजर, वर तिळाचं कूट, शेजारी बाजरीची भाकरी. दुसऱ्या दिवशी सुगडातही ऊस आणि बोरांशेजारी गाजराचा तुकडा हवाच. गंमत अशी की ज्या धर्मात गाजराला सुगडात हळदीकुंकू मिळतं, त्याच धर्मात श्राद्धाच्या स्वयंपाकात त्याला मज्जाव. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कांदा, लसूण आणि अळंबी यांच्याबरोबर 'गृंजन' नावाची एक वस्तू निषिद्ध सांगितली आहे. कुणी म्हणतं ती लसणीची जात, कुणी म्हणतं गाजर. पंडितांचं आजवर एकमत झालेलं नाही, आणि तेवढ्या संशयावरून गाजर पितरांच्या पानावरून उठलं. पोलीस ठाण्यात नाव एकदा लागलं की पुसलं जात नाही, तसं.

पहिलं उपटलं ते पांढरं. बायको म्हणाली, "मुळा कशाला लावलात?" दुसरं उपटलं, तेही पांढरं. "किती मुळे!" मी म्हटलं हे गाजर आहे. तिने वास घेतला, तुकडा तोंडात टाकला, नवऱ्याच्या म्हणण्याला पुरावा मिळाल्यावर बायका पाहतात तसं पाहिलं आणि म्हणाली, "मग मुळाच बरा होता." पिवळं निघालं ते गोड, पण हळदीच्या गड्ड्यासारखं गाठाळ. जांभळ्याला तीन पाय. लाल मात्र देखणं, वीतभर लांब, सरळ, विरळणी केलेल्या वाफ्यातलं. आणि काळं. काळं म्हणजे नुसतं गडद नव्हे. माती झटकली तरी अंधार झटकला जाईना. मोडलं तर हाताला शाई लागली.

तेवढ्यात कुंपणावर मावशी. त्यांनी सगळा ढीग नजरेखालून घातला. फाटे फुटलेल्या गाजरांकडे बघून त्या हसल्या. "तुझा बोहाडा निघाला रे गुरुजी."

आमच्या भागात बोहाडा असतो. रात्री संबळ आणि पिपाणीच्या तालावर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, रंगवलेले मोठाले मुखवटे घालून. त्या ढिगात खरोखरच एक गणपती होता, दोन राक्षस होते आणि एक पाठमोरी बाई.

मावशींनी ढिगातून दोन गाजरं उचलली. एक लाल, एक काळं, दोन्ही सरळ, दोन्ही डोक्याशी भरलेली. म्हणाल्या, "ही दोन दे. पाल्यासकट." मला बरं वाटलं. पाला शेळीला आणि गाजर नातवाला, असा मी हिशेब केला आणि वर आणखी चार गाजरं द्यायला लागलो. त्यांनी ती घेतली नाहीत. "दोन पुरं."

उरलेल्या चांगल्या लाल गाजरांचा त्याच रात्री हलवा झाला. काळ्या गाजरांची कोशिंबीर मात्र लक्षात राहिली. नाशिकहून व्याही आले होते. काळं गाजर किसलं, दही घातलं, वर दाण्याचं कूट आणि फोडणी. पाच मिनिटांत वाडग्यातला पदार्थ एखाद्या लग्नाच्या शालूचा रंग घेऊन बसला. व्याह्यांनी कोशिंबिरीकडे पाहिलं, मिठाकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आम्ही रात्री दही खात नाही." दुपारचा एक वाजला होता.

हा रंग अँथोसायनिनचा. जांभळात असतो तोच, करवंदात असतो तोच. त्याची एक खोड मी शाळेच्या पोरांना दाखवली. काळ्या गाजराचा कीस पाण्यात उकळला आणि तीन वाट्यांत ओतला. एकीत लिंबू पिळलं, लगेच लालभडक. दुसरी तशीच ठेवली. तिसरीत चुलीच्या राखेचं निवळलेलं पाणी घातलं तर निळसर हिरवट. पोरांनी मग गावातली दिसेल ती वस्तू त्यात घालून पाहिली. चिंच, साबण, चुना, ताक, आणि एकाने स्वतःच्या डोक्याचं तेल. इतकी वर्षं लिटमसच्या कागदाची पुडी कपाटात कुलूप लावून ठेवायचो, कारण ती वर्षातून एकदा यायची.

बाकीच्या रंगांचेही असेच खुलासे आहेत. लाल गाजराचा रंग लायकोपिनचा, म्हणजे टोमॅटोचाच. गिरणाऱ्याचा टोमॅटो आणि संक्रांतीचं गाजर एकाच रंगाऱ्याकडचे. केशरी रंग कॅरोटीनचा. १८३१ साली वाकेनरोडर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते गाजरातून वेगळं काढलं आणि गाजराच्याच नावाने त्याचं बारसं केलं. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं, म्हणून रातांधळेपणाला गाजर चांगलं. चष्मा घालवायला मात्र नाही. हे मला कुणी लहानपणी सांगितलं असतं तर आईने भरवलेली कितीतरी गाजरं वाचली असती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आपले वैमानिक गाजर खाऊन अंधारात बघतात अशी आवई उठवली होती. विमानात बसवलेलं रडार लपवायचं होतं. आमच्या आईपर्यंत ती आवई पोचली आणि रडारचं मात्र कुणी कळवलं नाही.

आणि पांढऱ्या गाजरात यातलं काहीच नाही. ते आपलं पांढरं.

मला वाटायचं की गाजर मुळात केशरी आणि बाकीचे रंग ही हल्लीची फॅशन. उलटंच आहे. गाजर माणसाळलं ते मध्य आशियात, अफगाणिस्तान-इराणच्या बाजूला, हजारेक वर्षांमागे. आणि तेव्हा होतं जांभळं आणि पिवळं. पश्चिमेला गेलं ते युरोपात पोचलं. सोळाव्या शतकातल्या आर्टसेन आणि बोकेलार या चित्रकारांच्या बाजाराच्या चित्रांत भाजीवालीच्या पाट्यांत रंगीबेरंगी गाजरं दिसतात. तिथेच पुढे हॉलंडमध्ये केशरी गाजर निवडून निवडून पक्कं केलं गेलं. डच राजघराण्याचं नाव ऑरेंज, म्हणून त्यांच्या सन्मानार्थ, अशी गोष्ट सांगतात. पुरावा काही नाही, पण राजाला खूश करायला प्रजेने काय करावं याला मर्यादा नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. पूर्वेला आलं ते आपल्याकडे लाल आणि काळं होऊन राहिलं. उत्तरेत काळ्या गाजराची आंबट कांजी करतात, लखनौकडे हलवाही. आपल्याकडे सांगलीजवळच्या कवलापूरचं गाजर नावाजलेलं. आणि तरीही आज गाजर काढ म्हटलं की माझ्या शाळेतली पोरं केशरी खडूच उचलतात. चारशे वर्षांमागे आलेला पाहुणा घरमालक होऊन बसला आहे.

२०१६ साली शास्त्रज्ञांनी गाजराचा सगळा जनुकपट वाचून काढला. ३२ हजारांवर जनुकं निघाली. माणसात सुमारे वीस हजार. ही बातमी वडील असताना यायला हवी होती.

फेब्रुवारीत मला भाच्याचं ते वाक्य आठवलं. बी घरचं घरी धरता येतं. मग वाचायला बसलो, आणि जसजसं वाचत गेलो तसतसा घाम फुटत गेला. गाजर पहिल्या हंगामात मुळीत शिदोरी भरतं, आणि दुसऱ्या फेरीत ती शिदोरी खाऊन फुलतं. म्हणजे बी हवं तर गाजर खायचं नाही. ढिगातलं सगळ्यात देखणं, सरळ, ठरल्या रंगाचं गाजर निवडायचं, पाला वीतभर ठेवून छाटायचा, आणि ते पुन्हा मातीत लावायचं. जे सगळ्यात चांगलं, त्याचाच मी हलवा केला होता. तूप आणि वेलदोडे घालून. घरात उरली होती ती राक्षसं आणि पाठमोरी बाई.

यात आणखी एक मेख आहे. युरोपी वाणांना फुलण्याआधी कडक थंडी लागते, दहा अंशांच्या खाली, तीही काही आठवडे सलग. म्हणून आपण खातो त्या नँटीस जातीच्या केशरी गाजराचं बी आपल्या सपाटीवर धरत नाही, ते हिमाचलात कुलूच्या खोऱ्यात, काटराईनसारख्या थंड ठिकाणी तयार करतात. लाल आणि काळ्या पूर्वेकडच्या वाणांना एवढे नखरे नाहीत, ती सपाटीवरच फुलतात. दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या दोन घराण्यांची सोयरीकही जमवली. देशी लाल आणि नँटीस यांच्या संकरातून 'पुसा केसर' काढलं, ज्याचं बी सपाटीवर घेता येतं.

वाचता वाचता जुनागढच्या वल्लभभाई मारवाणियांची हकिगत मिळाली. १९४३ साली त्यांच्या भागात गाजर गुरांना घालत. ते त्यांनी माणसांच्या बाजारात नेलं. पुढे चांगली मुळं निवडत आणि त्यांचंच बी धरत त्यांनी 'मधुवन गाजर' नावाचं वाण तयार केलं. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी जाहीर झालेली पद्मश्री अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना, घरच्या मडक्यांत गावठी बियाणं जपल्याबद्दल. डोंगर ओलांडला की त्यांचा मुलूख. एकाने उभा जन्म निवड केली, राहीबाईंनी जपणूक. मी एका रात्रीत दोन्हींचा हलवा केला.

वाफ्यात एक पांढरं गाजर काढायचं राहून गेलं होतं. मी त्याच्यावर सगळी आशा लावली. रोज पाणी, रोज विचारपूस. मार्च गेला, एप्रिल आला, हरसूलला ऊन डोक्यावर बसलं, आणि ते आपलं कुलूच्या थंडीची वाट पाहत नुसता पाला वाढवत उभं. बदलीचा अर्ज न केलेल्या माणसासारखं. विहिरीने तळ दाखवला तेव्हा मी त्याला निरोप दिला. आत निघालं ते लाकूड.

त्याच दिवशी रिकामी बादली घेऊन कुंपणापाशी आलो तर पलीकडे मावशींच्या न्हाणीमागे काहीतरी पांढरं हललं. छातीइतक्या उंचीची दोन झाडं, कोथिंबिरीसारखा पाला, आणि टोकाटोकावर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या. मोठी छत्री, तिच्यात लहान छत्र्या, त्यांच्यात दाण्याएवढी फुलं. मधमाश्या, बारीक माश्या, एक हिरवा किडा, सगळे आपापल्या कामाला. न्हाणीचं पाणी पन्हळीने बुंध्याशी येत होतं. बाजूने काट्यांचं कुंपण, शेळीसाठी.

"मावशी, ही ती दोन?"

"मग? तू काय समजलास, खाल्ली?"

मी गप्प.

"नागलीचं कणीस कसं काढतो आपण बियाला? भरलेलं बघून आधी काढून ठेवायचं, मग बाकीची कापणी. तू आधी खाल्लंस." आणि मग, जरा दया येऊन, "तुझी आवड चांगली होती रे. पुडी चांगली आणलीस."

काही दिवसांनी छत्र्या मिटायला लागल्या. कडा आत वळल्या आणि प्रत्येक छत्रीचा एक खोपा झाला, सुगरणीने विणल्यासारखा, आत तपकिरी केसाळ दाणे. मावशींनी ते तिन्हीसांजेला कापले नाहीत, सकाळचं दव सुकल्यावर कापले, फडक्यात बांधले आणि चुलीवर धुरात टांगले, नागलीच्या कणसांशेजारी. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा त्यांनी मला हाक मारली आणि पुडी दिली. भाच्याच्या पुडीसारखं चित्र नव्हतं. पानाची होती, दोऱ्याने बांधलेली.

माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, मावशी, एक घोटाळा झालाय. लाल आणि काळं शेजारी शेजारी फुललं, मध्ये माश्या फिरल्या. याचा पराग त्याला गेला असणार. बियाणंवाले दोन वाणांत किलोमीटरभर अंतर ठेवतात. आता या दाण्यातून लाल निघेल, काळं निघेल की भलतंच काही, सांगता येत नाही. वारसा शुद्ध राहिला नाही.

त्या शेळीला पाणी पाजत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं.

"बोहाड्यात सोंग नाचतं तेव्हा आत कोण ते ओळखतोस का तू?"

"नाही."

"सोंग उतरलं की कळतं ना? तसं. उपटशील तेव्हा कळंल." मग जाता जाता थांबल्या. "आणि यंदा विरळ कर. तुझ्या शाळेसारखं कोंबू नको."